पंधरा टक्के

हल शहरात, हेसल रोडवर,
आमच्या भिंतीला भिंत लावून वॉल्टर ड्रूरी राहतो.
वय ब्याऐंशी. दर सप्टेंबरात,
उत्तरेचा बर्फ सगळ्यात कमी होतो त्या सुमारास,
तो माझं दार वाजवतो. हातात आलेख,
लायब्ररीत दहा पेन्स टाकून छापलेला.
"बघ, बारा सालापासून रेघ बसलेली नाही.
कुठे वितळतोय तुझा बर्फ?"

तुझा. जणू मी तो गहाण टाकून आलेय.

माझं काम एवढंच :
देवमासे मारणाऱ्या जुन्या जहाजांच्या रोजनिशा वाचायच्या,
फुटलेल्या शाईतून अक्षरं लावायची.
"उत्तरेला घट्ट बर्फ. वारा ईशान्य. एक माणूस तापाने गेला."
यातलं बर्फाचं तेवढं रकान्यात भरायचं.
माणसाला रकाना नाही.

वॉल्टरला मी आल्याचा चहा देते.
तो नाक मुरडतो आणि दुसरा कप मागतो.
मग भांडण.
मी म्हणते, बारा साल म्हणजे विहिरीचा तळ, वॉल्टर,
तिथे उभं राहून मोजलं तर सगळं वरच दिसणार.
"आणि तुम्ही एकोणऐंशीपासून मोजता, ते?"
उपग्रह तेव्हापासूनचे आहेत.
"समुद्र त्याच्या आधीपासूनचा आहे."

यावर उत्तर आहे माझ्याकडे. रोजनिशा आहेत, जुने नकाशे आहेत,
उतार तिथेही लागतो.
पण ज्याने चाळीस वर्षं जाळी ओढली
त्याला शाईतून समुद्र दाखवायचा म्हणजे
जीभ जरा जड होते.

शितावरून भाताची परीक्षा, आई म्हणायची.
कुठलं शीत, ते कधी म्हणाली नाही.
वॉल्टर एक उचलतो. मी सगळं पातेलं पालथं करते,
तर तो म्हणतो, पातेलं तुमचंच ना.

यंदा त्याने विचारलं, "पण मोजता कसे?"
सांगितलं : समुद्राचे चौकोन पाडायचे.
एका चौकोनात शंभरात पंधरा हिस्से बर्फ सापडला
की तो अख्खा चौकोन बर्फाचा धरायचा.
"आणि उरलेलं पंच्याऐंशी पाणी?"
या हिशोबात धरत नाहीत.
"म्हणजे आहे त्याहून जास्तच सांगता की!"
चोर पकडल्यासारखा हसला,
मग हसू अर्ध्यात थांबलं.
चोराची पावलं त्याच्याच घराकडे चालली होती.

बराच वेळ कपातल्या आल्याकडे बघत राहिला.
मग लेनचं सांगितलं. धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा.
आइसलंडच्या वर, फेब्रुवारीत.
तुषार उडायचे ते डोलकाठीवरच गोठायचे,
पोरं कुऱ्हाडीने फोडत राहिली,
फोडता फोडता जहाज कुशीवर झालं.
वॉल्टर दुसऱ्या बोटीवर होता. रेडिओवर ऐकत.

"तो बर्फ असा सहजासहजी जाणारा नव्हता," म्हणाला.

तो बर्फ निराळा. उडालेल्या पाण्याचा,
माझ्या रकान्यात न बसणारा.
हे मला ठाऊक आहे, त्याला माझ्याहून जास्त.
दोघंही बोललो नाही. हंबरवरून वारा येत होता,
खिडकी नीट लागत नाही आमची.

आलेख विसरून गेला, किंवा ठेवून.
कप उचलताना दिसलं :
पेन्सिलीने त्याने रेघ मागे वाढवली होती,
एकोणऐंशीच्या डावीकडे, छापील चौकट ओलांडून,
थरथरत, वर, आणखी वर,
कागदाच्या अगदी काठाशी एक बारीक फुली.

ही नोंद नव्हे. पुरावा तर नव्हेच.
पट्टी लावून फुलीची उंची मोजावी असं वाटलं,
आणि पट्टी खणातच राहू दिली.
कपाचा ओला गोल तेवढा
आलेखाच्या मधोमध उमटला होता,
तो वाळेपर्यंत बसले.